फोटोच्या बाजूचं कुंकू

आमच्या नातेवाइकांत एके काळी मी 'कॉम्प्युटर येणारा' होतो. ही पदवी मला कुणी परीक्षा घेऊन दिली नव्हती. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर खात्यात मी मालाच्या याद्या टाइप करायचो, आणि पनवेलला घरी एक जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता, त्याला डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह होता. तेवढ्यावर भागलं. ज्याला दहातल्या तीन गोष्टी येतात आणि उरलेल्या सात नुसत्या बोलता येतात, असा माणूस त्या वेळी प्रत्येक घराण्यात एक तरी असायचा. आमच्यात तो मी. आज तसा कुणी भेटला तर मला त्याची किळस येते. तो तोंड उघडतो तेव्हा पुढचं वाक्य मला पाठ असतं.

ते वाक्य असं: "माझ्याकडे तर नीट चालते."

लग्नाची, बारशाची डिस्क करून दिली की आठवड्याभरात निरोप यायचा, डिस्क अडकते. चित्र चालता चालता थांबायचं, माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे व्हायचे, गाणं उचकी लागल्यासारखं तुटायचं आणि मग सगळं एकदम उडी मारून जेवणाच्या पंगतीवर जायचं. मी घरी कॉम्प्युटरवर बघितलेलं असायचं, तिथे अडकत नसे. म्हणजे दोष त्यांचा, हे ठरलं. एका घरी मी सांगितलं, प्लेअरच्या लेन्सवर धूळ बसली आहे. दुसऱ्या घरी सांगितलं, प्लेअर हलका घेतलात. तिसऱ्या घरी पोरांनी ओरखडे पाडले. चौथ्या घरी व्होल्टेज कमीजास्त होतं. गंमत म्हणजे कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येक घराला आपलीच चूक झाल्यासारखं वाटलं आणि प्रत्येकाने ती झाकली. मी मात्र आणखी हुशार ठरलो.

पाचवं घर आत्याचं होतं. तिला मी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. जासईच्या पुढे एका गावात दिलेली. गाव आता तिन्ही बाजूंनी कंटेनरच्या यार्डांनी वेढलं आहे. ओट्यावर बसलं की समोर भिंत आणि भिंतीपलीकडे रचलेले लाल-निळे डबे दिसतात. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांचा जन्म मिठागरात गेला, आणि मिठागर गेल्यावर त्याच जागेवरच्या यार्डात ते वॉचमन झाले. मामा बायकोला नावाने हाक मारत नसत. त्या पिढीत कोण मारायचं? "ऐकला का" एवढंच. भांडण असेल तर तेही नाही, नुसतं भांडं आपटायचं.

त्यांच्या एकुलत्या मुलाचं, माझ्या आतेभावाचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या एका मित्राने उसन्या कॅमेऱ्याने सगळं चित्रण केलं आणि कॅसेटी माझ्याकडे आणून टाकल्या. "तू काय ता कर. तुला येते."

मला येत होतं ते असं. नवरानवरीभोवती बदामाची चौकट टाकली. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात असं केलं. सोनेरी अक्षरं गोल गोल फिरवली. त्या पाकळ्यांवर मी दोन रविवार घालवले. मग चित्र झकास दिसावं म्हणून दर सेकंदाला जास्तीत जास्त जितका मजकूर डिस्कवर कोंबता येतो तितका कोंबला. साध्या घरगुती प्लेअरला तो घास गिळवत नाही, हे माझ्या गावीही नव्हतं. डिस्क घेतल्या त्या पन्नासच्या डब्यातल्या, ज्यांच्यावर कुणाचंच नाव नसतं. ड्राइव्हला झेपेल तितक्या वेगाने लिहिल्या, कारण हळू लिहायचं म्हणजे वाट बघायची. आणि वर नवरानवरीच्या फोटोचा गोल कागदी स्टिकर चिकटवला, तोही केसभर वाकडा. डिस्क मिनिटाला शेकडो वेढे घेते. वाकडा कागद चिकटवला की ती डगमगते. हे सगळं तेव्हा वाचून कळण्यासारखं होतं. एखादी डिस्क शेजाऱ्याच्या प्लेअरवर लावून बघितली असती तरी कळलं असतं.

आणखी एक गोष्ट केली, आणि ती अज्ञानाने केली नाही. हळद मी डिस्कच्या शेवटी टाकली.

आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अख्खं गाव मांडवात, बायकांची गाणी, बेंजो, नाच. पण मी कारखान्यातल्या सुटसुटीत मराठी बोलणाऱ्या लोकांत वावरायचो, आणि मला ती हळद गावंढळ वाटायची. घामेजलेले काका, पदर खोचून नाचणाऱ्या काकवा, सगळ्यांचं ते 'आमी' आणि 'तुमी'. ऑफिसातल्या कुणी डिस्क बघितलीच तर आधी विधी, मंगलाष्टका आणि पाकळ्या दिसाव्यात, हळदीपर्यंत पोचण्याआधी त्यांनी बंद करावी, असा माझा हिशेब होता. डिस्क आतल्या कडेपासून बाहेर लिहिली जाते. शेवटचा भाग अगदी काठाला येतो, आणि वेगाने लिहिलेली, डगमगणारी डिस्क काठालाच सर्वांत जास्त फसते. ज्या माणसांची मला लाज वाटत होती त्यांना मी स्वतःच्या हाताने नेमकं तिथे नेऊन बसवलं.

डिस्क घेऊन गेलो तेव्हा आत्याने ती आधी देवापुढे ठेवली. घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतंच, मग तो पंखा असो की मिक्सर. तिने डिस्क डबीतून काढली, फोटोतल्या मुलाच्या आणि सुनेच्या मधोमध हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि वर दोन अक्षता ठेवल्या. अक्षता मी काढून टाकल्या. आतेभाऊ हसत म्हणाला, "आई, आता तिला निवद पन दाखव." आत्या 'सीडी' न म्हणता 'शिडी' म्हणायची, त्यामुळे घरात तिची रोजच थट्टा चाललेली. "आईची शिडी आली रं, चरा सगलं." आमच्याकडे 'चढा'चं 'चरा' होतं.

सगळे टीव्हीपुढे बसले. विधी झाले, पाकळ्या पडल्या. मग हळद आली. मांडवात बायकांनी मामांना घेरलेलं दिसलं. सुनेच्या आधी सासऱ्याने नाव घ्यायचं, असा त्यांचा हट्ट. मामा हळदीने पिवळे, लुंगी सावरत, पळायला वाट शोधत होते. आत्या मागे पदर तोंडाला लावून उभी. शेवटी मामांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली:

"मिठागराचा मीठ पांढरा, खाडीची कोलबी ताजी…"

आणि डिस्क अडकली. मामांच्या तोंडाचे चौकोन झाले. आवाजाचे दोन तुकडे आले, मग तेही नाहीत, आणि एकदम पंगत सुरू झाली. घरात हसाहस झाली. मामा स्वतः सगळ्यात जास्त हसले. "बरा जाला, अडकला! एकदा घेतला नाव, आता परत परत कोन घेतं?"

मी म्हणालो, "माझ्याकडे तर नीट चालते."

वर्षाच्या आत मामा गेले. यार्डातून घरी येताना छातीत कळ आली आणि रस्त्याच्या कडेला बसले, ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी आत्या एकटी पनवेलला माझ्याकडे आली. टॉवेलात गुंडाळलेली डिस्क पिशवीतून काढून तिने माझ्या हातात दिली.

तेव्हा माझ्याकडे ऑफिसातले दोघे चहाला आले होते. त्यांना मी कॉम्प्युटरवर काहीतरी दाखवत होतो. बहुधा गुलाबाच्या पाकळ्याच.

आत्या दारातच म्हणाली, "पोरा, शिडी अडकते ती. ते नाव घेतात ना, तवरंच बगायचा हाय मना. तुज्या कांपुटरवर लाव. तुज्याकरं चालते बोल्लास ना?"

'शिडी' ऐकून त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ओठ हललेही नसतील, पण मला दिसलं.

डिस्क माझ्या हातात होती, ड्राइव्ह हातभरावर होता. लावली असती तर दोन मिनिटांत तिने ऐकलं असतं. पण लावायची म्हणजे त्या दोघांपुढे हळद दाखवायची, पदर खोचलेल्या काकवा आणि लुंगीतले मामा दाखवायचे, आणि शिवाय ती कॉम्प्युटरवरही अडकली तर माझी पदवी जायची. मी डिस्क उलटसुलट केली. फोटोवर कुंकवाचा ठिपका सुकून चिकटलेला होता. मी तो त्या दोघांना दिसेल असा धरला आणि म्हणालो, "आत्या, डिस्कला कुणी कुंकू लावतं का? त्याच्यानेच बिघडली ही."

ते दोघे हसले. मोकळेपणाने, मला साथ दिल्यासारखे.

आत्या म्हणाली, "पुसून लाव."

"आता पुसून काय? माझ्या मशीनमध्ये घातली तर मशीनही जाईल."

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तीवरच सगळं आहे. डिस्क वाचली जाते ती खालच्या, चकाकत्या बाजूने. कुंकू होतं वर, फोटोच्या बाजूला. तिथे कुंकू लावा, शेंदूर लावा, काहीही फरक पडत नाही. हे मला तेव्हा येणाऱ्या तीन गोष्टींपैकी एक होतं.

आत्याने डिस्क परत टॉवेलात गुंडाळली. "माज्याच हातानं गेला म्हन की," एवढं म्हणाली. चहा नको म्हणाली. त्या दोघांना मात्र जाताना "येते" म्हणाली, ते माझे पाहुणे होते म्हणून.

नंतर आपण दुसरी चांगली करून देऊ, असं मी ठरवलं. ठरवण्यात मी कधीच कमी पडलो नाही. तोवर जागा कमी पडते म्हणून कॉम्प्युटरवरची मूळ फाइल मी पुसून टाकली होती, आणि कॅसेटी परत नेऊन त्यांवर त्या मित्राने क्रिकेटचे सामने घेतले होते. बाकीच्या घरांनी आपापल्या डिस्का कबुतरांना घाबरवायला गॅलरीत टांगल्या. एका घरी मी गेलो तेव्हा नवरानवरी उन्हात फिरत होती, चकाकी अजून चांगली होती. मला हसू आलं होतं, हेही लिहायला हवं.

अशी सोळा-सतरा वर्षं गेली. कॉम्प्युटर येणारे आता घरातले सगळेच झाले आणि माझी पदवी आपोआप गळून पडली.

गेल्या दसऱ्याला आतेभावाने गाडी घेतली. पूजेला मला बोलावलं होतं. अंगणात गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, माझ्या हातात नारळ. भावजयीने करंडा आत्यापुढे धरला, "आई, पहिला कुकू तुमी लावा."

आत्या दोन पावलं मागे सरकली. "नको. तूच लाव."

"आता कोन मानते ते सगला? लावा तुमी," भावजय म्हणाली. नवरा गेलेल्या बाईने कुंकू लावू नये म्हणून ती नको म्हणते आहे, असं तिला वाटलं. सगळ्यांना तसंच वाटलं. मलाही.

आत्या म्हणाली, "इधवेचा नाय गो. माज्या हाताच्या कुकवानं वस्तू बिघरते. ती शिडी नाय का बिघरली? तवापासून मी कंच्याच वस्तूला लावत नाय."

आतेभाऊ हसला. "आई, ती शिडी अजून डोक्यातून उतरली नाय तुज्या?"

सगळे हसले. मी नारळ फोडला. तो एका फटक्यात फुटला, सगळ्यांनी चांगला शकुन म्हणून टाळ्या वाजवल्या.

घरात मी भावजयीला हळूच विचारलं. ती म्हणाली, हो, मामा गेल्यापासून फ्रिज, टीव्ही, शिवणाचं मशीन, सगळ्याला तिनेच कुंकू लावलं. आत्या उंबऱ्याच्या आत उभी राहते. "मी समजले, मामंजी गेले म्हनून."

निघताना मी आत्याकडे ती डिस्क मागितली. तिने देवाच्या फळीखालच्या पत्र्याच्या पेटीतून काढून दिली, तोच टॉवेल. कशाला हवी, हे तिने विचारलं नाही. माझ्याकडून काही होईल अशी तिची अपेक्षाच नव्हती, आणि ते बरोबर होतं.

आता माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नाही. पनवेलच्या बाजारात वेगळा, वायरने जोडायचा ड्राइव्ह शोधत फिरलो. तिसऱ्या दुकानातली मुलगी म्हणाली, "अंकल, डीव्हीडी? अजून वापरता तुम्ही?" तिच्या तोंडावर तेच हसू होतं, ऑफिसातल्या दोघांचं. आतून एक धूळ बसलेला खोका तिने शोधून आणला.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अडकणाऱ्या डिस्कची पहिली तपासणी अगदी सोपी आहे. डिस्क थेट लावून बघायची नाही, ती आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि तिथून चालवायची. तिथेही अडकली तर चित्रातच खोट आहे. नीट चालली तर चित्र चांगलं आहे आणि खोट डिस्कमध्ये किंवा प्लेअरमध्ये आहे. स्टिकर मी सोलला नाही, सोलताना डिस्क वाकून आतले थर सुटायची भीती असते. ड्राइव्हचा वेग सर्वांत कमी केला आणि बसून राहिलो. काठाजवळ आल्यावर ड्राइव्ह कण्हायला लागला. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा, थांबायचा, परत वाचायचा. बराच वेळ पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हललाच नाही. मी चहा केला आणि तो प्यायचा राहिला. मग आकडा एकने सरकला, आणि थोड्या वेळाने काम संपलं.

फाइल लावली. मामा लुंगी सावरत उभे राहिले आणि त्यांनी पूर्ण उखाणा घेतला. कुठेही अडकलं नाही. ज्या दुपारी आत्या दारात उभी होती त्या दुपारी तर डिस्क नवीच होती, तेव्हाही ते अडकलं नसतं. मशीनमध्ये, माझ्यासमोर, दोन मिनिटांत. ती गेल्यावर वेग कमी करून, चित्र थोडं हलकं करून, स्टिकर न लावता दुसरी प्रत केली असती, तर ती तिच्या प्लेअरवर जन्मभर चालली असती. एका संध्याकाळचं काम.

पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह आणि डिस्क घेऊन स्कूटरवरून गेलो. आतेभावाने पेन ड्राइव्ह टीव्हीला मागून लावला. आत्या पलंगावर बसली, भावजय दाराला टेकून उभी. मी चित्र थेट उखाण्यापाशीच नेऊन ठेवलं.

"मिठागराचा मीठ पांढरा, खाडीची कोलबी ताजी," मामा म्हणाले. मग त्यांनी आत्याचं नाव घेतलं, अगदी पुरं, मोठ्याने, आणि पुढे म्हणाले, "आली घरात म्हनून चूल पेटली माजी."

मांडवात बायकांचा गलका उठला. पलंगावर आत्याने पदर तोंडाला लावला, पडद्यावर लावला होता तसाच.

"परत लाव," ती म्हणाली. मग आणखी दोनदा म्हणाली. चौथ्या वेळी तिने डोळे मिटून नुसतं ऐकलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुकू कसा पुसलास रं? येवरा चिकाटला होता तो."

मला वाट मोकळी करून दिल्यासारखी होती. एक खास द्रव असतो, हळू हळू पुसावं लागतं, असं सांगितलं असतं तर मी पुन्हा कॉम्प्युटर येणारा झालो असतो. वाक्य जिभेवर आलंही होतं, ती सवय इतक्या वर्षांनी जात नाही. मी पिशवीतून डिस्क काढून तिच्या हातात दिली. कुंकू जागच्या जागी होतं.

"पुसलं नाही, आत्या. कुंकवाने काही झालंच नव्हतं. डिस्क खालच्या बाजूने चालते. तू वर लावलं होतंस. मी केलेली डिस्कच वाईट होती."

तिने डिस्क उलटी केली, सुलटी केली. "मंग तू बोल्लास तो?"

"खोटं बोललो. माणसं बसली होती माझ्याकडे."

"तुला तवाच म्हाईत होता?"

"हो."

आतेभावाने टीव्हीचा आवाज बंद केला. आत्याने त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने माझ्याकडे बघितलं ते मीठ बघतात तसं, चिमटीत धरून, यात माती किती आहे ते पारखतात तसं.

"येवरा शिकलास," ती म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "याला च्या दे." मला विचारलं नाही. चहा आला, मी प्यालो.

ती उठली आणि देवापुढचा करंडा घेऊन आली. आधी टीव्हीला एक बोट टेकवलं. मग स्वयंपाकघरात गेली; फ्रिजचं दार वाजलं. आतून भावजय म्हणाली, "आई, मिक्सर जुना हाय तो." आत्या म्हणाली, "असूं दे." मग अंगणात उतरली. दसऱ्याची गाडी आता ट्रेलरच्या धुळीने राखाडी झाली होती. आत्याने पदराने बॉनेटवर तळहाताएवढी जागा पुसली, हळदीचं बोट ओढलं, कुंकवाचं बोट ओढलं, आणि हात जोडून उभी राहिली.

गाडीच्या शेजारी माझी स्कूटर होती. करंडा उघडाच होता. आत्या स्कूटरला वळसा घालून, पदर तिला लागू न देता, घरात गेली.